मालदांडीच्या बिअरचं गुऱ्हाळ

“महिना! फक्त एक महिना थांबा! आपल्या मालदांडी ज्वारीचा ग्लास पुण्याच्या लोकांच्या हातात दिसला न्हाय, तर नाव अविराज सांगणार न्हाय!”

सणसरच्या स्टँडवर चहा पिता पिता अविराजने ही घोषणा केली, तेव्हा कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कारण नाव न सांगण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हती. शेवग्याच्या पानांची पावडर करायला घेतली तेव्हाही तो नाव सांगणार नव्हता, ड्रॅगन फ्रूटच्या वेळीही सांगणार नव्हता. खरं तर एव्हाना त्याने बिननावाचंच फिरायला हवं होतं.

या वेळी मामला जरा निराळा होता. लोणी देवकरच्या एमआयडीसीत पुण्याच्या दोघा मित्रांनी बिअरचा छोटासा कारखाना थाटला होता. मोठ्या कंपन्यांसारखा धो-धो माल काढायचा नाही. थोडी थोडी, हाताने, निगुतीने बिअर बनवायची, असा बेत. बेत चांगला होता, पण दोघांचं भांडण झालं. एक कॅनडाला गेला, दुसरा सासऱ्याच्या धंद्यात गेला. तो आचके देणारा कारखाना अविराजने उचलला. बाहेरून येणाऱ्या जवाच्या जागी घरच्या रानातली ज्वारी घातली, ‘मालदांडी’ असं झोकात नाव दिलं, पाटी रंगवली आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसला.

गिऱ्हाईक काही येईना. यायचे ते फक्त डेअरीचे वसंतराव. आले की खिशातून टेप काढायचे आणि स्टीलच्या चकचकीत टाक्या मोजायचे.

“तुजं चालू दे, अविराज. मी आपली मापं घिऊन ठिवतो. दूध झ्याक गार ऱ्हाईल बघ हिच्यात!”

“वसंतराव, टाक्या विकायच्या न्हाईत.”

“आज न्हाईत रं! मी कुठं आज म्हणतोय?”

आणि मग विकत घ्यायची म्हैस थोपटावी तशी ते टाकी थोपटायचे. अविराज त्यांच्या पंजाचे ठसे फडक्याने पुसून काढायचा. पण वसंतराव काही चुकीचं बोलत नव्हते. ज्वारीचा आता एकच घाणा निघेल एवढा माल शिल्लक होता. तो साधला तर कारखाना, नाही तर डेअरी!

शेवटची आशा म्हणजे विनया मॅडम. पुण्यात त्यांची तीन हॉटेलं. ज्वारीची बिअर म्हटल्यावर त्यांना कुतूहल वाटलं होतं. पण बाई पक्क्या! “मी बाटली बघून माल घेत नाही. आधी तुम्ही ती बनवताना बघणार. ती तयार झाल्यावर चव घेणार. मग बोलू,” असं म्हणाल्या आणि रविवारी चारला येते म्हणून सांगितलं.

झालं! अविराज हवेत. स्टँडवरची ती महिन्याची घोषणा झाली ती याच आनंदात. आणि नेमका शनिवारी संध्याकाळी त्याचा एकुलता एक कामगार नागेश म्हणाला, “दादा, उद्या भाच्याचं जावळ हाय. मी मामा. माझ्या मांडीवर काढायचं असतंय.”

मामाची मांडी कुणाला नाकारता येते का? आता मदतीला कोण? घरात उरले आबा.

आबा म्हणजे रामहरी आबा, अविराजचे वडील. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, आणि सणसरच्या पंचक्रोशीत नाव गाजलेलं गुऱ्हाळ चालवलेला माणूस. पुढे ऊस सगळा साखर कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ थंडावलं आणि आबाही थंडावले. दिवसभर ओसरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला “कुठं निघालास?” विचारायचे. पोराच्या बिअरच्या कारखान्यात मात्र त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

“आबा, एक दिवस चला. नुसती आच बघायची. आचेवरचा तुमचा हात कुणाला येतोय?”

“दारूच्या भट्टीवर? मी? माळ घालून?”

“उद्या त्यात दारूचा थेंब न्हाय, आबा! मोड आलेल्या ज्वारीचं गोड पाणी नुसतं. पुढं यीस्ट घातलं, तीन आठवडं मुरलं, मग ती बिअर.”

“थेंब न्हाय?”

“न्हाय.”

“नक्की?”

“शप्पत!”

आबांनी माळ चाचपली, द्वारकाबाईंकडे बघितलं. द्वारकाबाई म्हणजे अविराजची आई. त्यांनी “जावा की, माझ्या मागची कटकट तरी टळंल,” असा आशीर्वाद दिला, आणि आबा गाडीत बसले.

रविवारी सकाळी कारखान्यात असा काही घमघमाट सुटला म्हणता! भरडलेली ज्वारी गरम पाण्यात मुरली, गाळून तिचा सोनेरी काढा मोठ्या भांड्यात उतरला. आबांनी आधी लांबूनच नाक फुगवलं. मग जवळ आले. मग बोट बुडवून चाखलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की अविराजला आपण लहान असल्यासारखं वाटलं.

“आरं, ह्यो तर रस हाय! पयल्या धारेचा रस! आता ह्यात काय करायचं?”

“कडू फुलं टाकायची. हॉप्स म्हणतात.”

“कडू? एवढ्या गोडात?” आबा दुखावलेच. “कुणी शिकवलं तुला ह्ये?”

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. हॉप्सचं पार्सल बारामतीच्या कुरिअर ऑफिसात अडकलं होतं. आज न्यायला आला नाहीत तर परत पाठवू म्हणाले! अविराजने कपाळावर हात मारला, गाडीची किल्ली उचलली.

“आबा, मी बारामतीला जाऊन येतो. तुमी नुसतं गरम ठेवा, उकळी नको. आणि चारला पाहुणे येतील, त्यांना काय कमी पडू देऊ नका!”

हे शेवटचं वाक्य. एवढं एक वाक्य तो बोलला नसता, तर ही गोष्टच झाली नसती!

बारामतीत वेगळंच रामायण वाढून ठेवलेलं. पार्सलची कड फाटली होती, आणि आतून हिरवट, उग्र वासाची सुकी फुलं डोकावत होती. कुरिअरचे दोघं ते खोकं टेबलावर ठेवून चार हात लांब उभे.

“काय आहे हे?”

“फुलं.”

“कसली फुलं? वास घ्या! हा गांजा आहे!”

“अहो, गांजा कसला? बिअरमध्ये घालतात!”

“म्हणजे दारूत गांजा?”

बोलेल ते अंगलट! शेवटी अविराजने सगळ्यांदेखत मूठभर फुलं तोंडात कोंबली आणि चावली. कडुनिंब बरा म्हणायची पाळी! डोळ्यांतून पाणी आलं, तोंड वाकडं झालं. दोघं टक लावून बघत राहिले, याला नशा चढते का म्हणून. बराच वेळ बसवून घेतलं, चालायला लावलं, पाढे म्हणायला लावले. सतराचा पाढा त्याला शुद्धीतही येत नव्हता, त्यामुळे प्रकरण आणखी लांबलं.

सुटून तो सणसरच्या स्टँडवर आला तेव्हा तोंडात अजून कडवटपणा. त्याचा मित्र मल्हार टेम्पो लावून उभा होता. शेजारी दुधाचा कॅन, हातात पेला.

“ये, ये! तोंड का असं केलंस? ह्ये घे, पी.”

अविराजने एका दमात पेला रिकामा केला. गोड, गरम, आल्याचा झणका, लिंबाची चव! जिवात जीव आला.

“झकास! आणखी दे. कुठनं आणलास रं?”

“कुठनं म्हंजी? तुज्याच कारखान्यातनं! आबांनी कॅन भरून दिला. गुऱ्हाळ पुन्हा सुरू केलंत, आन् मित्राला सांगायचं न्हाय व्हय?”

पेला हातातच राहिला. अविराजच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तुम्हाला गुऱ्हाळाचा रिवाज ठाऊक असेलच. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही. ओळखीचा असो, वाटसरू असो, भांडलेला भाऊबंद असो! वर घरच्यांसाठी किटली भरून द्यायची. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं, आणि “पाहुण्यांना काय कमी पडू देऊ नका” हे त्यांना पोराने आज स्वतः सांगितलं होतं!

गाडी लोणी देवकरला कशी पोचली, ते त्याचं त्यालाच माहीत. गेटसमोर टेम्पो, ट्रॅक्टर, सायकली. शिफ्ट सुटलेले आसपासच्या कारखान्यांतले कामगार रांगेत. निरवांगीचं भजनी मंडळ, इंदापूरला कार्यक्रमाला निघालेलं, टाळ-मृदंगासकट अंगणात पंगत धरून बसलेलं. आणि मधोमध, बाह्या सरसावून, भांड्याच्या तोटीशी आबा! एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात लिंबू. वीस वर्षांनी तरुण झालेले. द्वारकाबाई आलं ठेचतायत. अविराजची बायको प्रगती, जी सासूबाईंबरोबर फक्त जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती पेले विसळतेय.

“अहो, तुमचा फोन का लागत नाही? लिंबं संपत आलीत!”

अविराजने भांड्यात डोकावलं. तळ दिसत होता. शेवटची ज्वारी, शेवटचा घाणा, विनया मॅडम, सगळं लोकांच्या पोटात! त्याच्या तोंडून किंकाळीच फुटली.

“आबा! ही माझी बिअर व्हती!”

एवढ्या मोठ्याने ओरडायला नको होतं. मृदंग थांबला. रांग थांबली. भजनी मंडळाचे बुवा, तिसरा पेला ओठाला लावलेले, जागच्या जागी थिजले.

“बिअर?”

“बिअर पाजली आम्हांला?”

आणि मग जे काही झालं, ते सांगायला जीभ धजत नाही, पण सांगतो! टाळकरी म्हस्कू पहिला खाली बसला. “धरा मला कुणी तरी! जिमीन फिरतीया!” त्याचं बघून शेजारच्याचं डोकं गरगरायला लागलं. कामगारांतला एकजण सुपरवायझरच्या गळ्यात पडून “तुमी मला कवाच मान दिला न्हाय,” म्हणून रडायला लागला. सुपरवायझरही रडायला लागला. दोघं जण टेम्पोला टेकून गाणी म्हणू लागले. बुवा माळ हातात धरून डोळे मिटून “पांडुरंगा, चुकून घडलं रे!” म्हणत होते. आबांचा तर चेहरा पांढराफटक पडला.

आणि द्वारकाबाई! दोन पेले झाले होते त्यांचे. पदर खोचून त्या आबांपुढे उभ्या राहिल्या.

“आता चढलीच हाय तर बोलतेच! आपल्या लग्नात माझ्या भावाला पयल्या पंगतीला का बसवलं न्हाय? सांगा!”

“अगं, लोकं बघत्यात—”

“बघू द्यात! आन् ती पैठणी तुमच्या भैनीला कुणी दिली?”

“अहो, त्यात काही नाहीये! अजून बिअर झालेलीच नाही ती!” अविराज घसा फोडून सांगत होता. पण ऐकतो कोण? जो सांगतो तोच मघाशी बिअर म्हणून ओरडला होता!

अशात गेटवर सरकारी जीप थांबली. ‘बिअरच्या कारखान्यात फुकट दारू वाटप, बायका-पोरंसुद्धा झिंगली’ असा कुणीतरी फोन केला होता. उत्पादन शुल्क खात्याच्या सुकन्या मॅडम उतरल्या. बरोबर तोंडाने फुंकायचं यंत्र घेतलेला एक पोलीस. मॅडमनी अंगणावर नजर फिरवली आणि अविराजला एवढंच म्हणाल्या, “लायसन काढून ठेवा.”

पहिला नंबर म्हस्कूचा. दोघांनी धरून आणला. त्याने डोळे मिटून फुंकलं.

“शून्य.”

“पुन्यांदा बघा! यंतर बिघाडलंय!”

पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. रडणारा कामगार, शून्य. सुपरवायझर, शून्य. बुवांनी माळ मुठीत धरून फुंकलं, शून्य! बुवांनी यंत्रालाच हात जोडले. आबांनी फुंकलं, शून्य आला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी श्वास घेतला. अंगणात सरळ दोन तट पडले. माळकरी खूश आणि बाकीचे नाराज! म्हस्कू तर मनापासून चिडला होता. “म्हंजी मी उगंच पडलो व्हय?”

शेवटी द्वारकाबाई. त्यांनी झोकात फुंकलं.

“आजी, शून्य.”

आबांनी मिशीत हसत विचारलं, “आता गं?”

“आता काय? शून्य तर शून्य!” द्वारकाबाई तिथल्या तिथे फणकारल्या. “पन पैठणीचं खरंच हाय!”

सुकन्या मॅडमनी स्वतः एक पेला चाखला, मान डोलावली, लायसन परत दिलं आणि हसू दाबत जीपमध्ये बसल्या. अविराज तिथल्याच एका पोत्यावर मटकन खाली बसला. खात्याच्या कचाट्यातून सुटला, पण कारखाना गेला तो गेलाच. गर्दीच्या मागून वसंतराव पुढे आले. त्यांच्या हातात टेप नव्हता, म्हणून त्याला आणखीच वाईट वाटलं. मापं आता पाठ झाली असणार!

आणि बरोबर चारच्या ठोक्याला पांढरी गाडी आली. विनया मॅडम!

“बरीच गर्दी आहे की! कसला कार्यक्रम?”

अविराजला खोटं सुचेना. सुचलं असतं तरी आज ताकद नव्हती. “मॅडम, तुम्हाला दाखवायला काही उरलं नाही. माझ्या वडिलांनी सगळं लोकांना वाटून टाकलं. माफ करा, तुमची फेरी फुकट गेली.”

आबा पुढे आले. हात धोतराला पुसले.

“सगळं? सगळं कुणी वाटलं?” त्यांनी पोराकडे असं बघितलं, की जणू त्याने घराण्याला शिवी दिली. “चारला पाहुणे येणार म्हणलास ना तू? येणाऱ्या पाहुण्याचा वाटा काढून ठिवल्याबिगर मी वाटप करीन व्हय? इतकी वर्सं गुऱ्हाळ चालवलं, कुणाचा वाटा बुडवलाय?”

त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली दुधाचे दोन मोठे कॅन, झाकणं घट्ट लावलेली. आत तोच सोनेरी काढा, लिंबू नाही, आलं नाही, निव्वळ.

“वसंतरावांच्या गाडीतनं मागून घेतलं कॅन,” आबा म्हणाले. “धुऊन घेतलेत. पाहुणीला उष्टं कसं देणार?”

अविराजने वाकून आबांच्या पायांना हात लावला. रडू येत होतं आणि हसूही. मग उठला, खोकं फोडलं, आणि विनया मॅडमच्या डोळ्यांदेखत तेवढाच काढा उकळून, हॉप्स घालून, गार करून, यीस्ट टाकून सगळ्यात लहान टाकीत भरला. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. एका हातात आबांनी दिलेला पेला, तोही दुसरा!

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. वसंतराव गेटवर उभे होते, खिशात हात घालून. मॅडमनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. अविराजने देवाची आठवतील तेवढी नावं घेऊन टाकली.

“दर महिन्याला पाठवा,” त्या म्हणाल्या. “जेवढी बनेल तेवढी!”

वसंतरावांनी खिशातनं टेप काढला, बघितला आणि पुन्हा खिशात टाकला. “चला,” ते म्हणाले, “माजं कॅन तेवढं द्या.”

मालदांडी पुण्यात पोचली! हायवेवरच्या परमिट रूममध्येही लागली. बोललेला महिनाही उलटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच आता अविराजला आपलं नाव छाती फुगवून सांगता येणार होतं. त्याच तोऱ्यात तो ऑफिसात बसला होता आणि फोन वाजला.

“उत्पादन शुल्कच्या ऑफिसातून बोलतोय. मालदांडी कारखाना का?”

“होय, बोला! आता कसली तक्रार? एक थेंब फुकट वाटलेला नाही!”

“तसली नाही हो. निरवांगीचे म्हस्कू आणि आणखी बरेच जण आलेत. ते म्हणतात, हायवेवर मिळते ती बिअर भेसळीची आहे.”

“भेसळ? कसली भेसळ?”

“त्यांचं म्हणणं, ही जरासुद्धा चढत नाही. त्या दिवशी कारखान्यात मिळाली ती अस्सल होती, दोन पेल्यांत जमीन फिरली. म्हाताऱ्या मालकाच्या हातची द्या म्हणतात.”

अविराजने खिडकीतून बाहेर बघितलं. गेटवर आबा एका अनोळखी टेम्पोवाल्याला अडवून उभे होते. “आरं, थांब की! असाच चाललास व्हय?”

“हॅलो? ऐकताय ना? तक्रार नोंदवायचीय. मालकाचं नाव काय लिहू?”

अविराजने एक सुस्कारा सोडला.

“लिहा,” तो म्हणाला, “रामहरी.”